झाडू बोटावर तोलला आणि तिथेच कापला, तर कुठला तुकडा जड?

निळी_छत्री

दिवाळीची साफसफाई चालू आहे. काल जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू माळ्यावरून खाली काढला. त्याला एका टोकाला गोल ब्रश आणि पुढे लांबलचक लाकडी दांडा. अकरावीतली लेक मदतीला होती. तिने तो झाडू तर्जनीवर आडवा धरला, इकडेतिकडे सरकवत ब्रशच्या बराच जवळ गेली आणि तिथे तो छान स्थिर राहिला. मग आम्हा सगळ्यांना विचारलं, "आत्ता माझं बोट आहे तिथेच करवतीने कापला आणि दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले, तर कुठला जड भरेल?"

सासरे (आम्ही आबा म्हणतो) लगेच म्हणाले, "सारखे भरतील. नाहीतर तोलला कसा असता?" आबांनी ३० वर्षं किराणा दुकानात तागडी धरली आहे, त्यामुळे वजनाच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा. नवरा म्हणाला, ब्रशकडचा जड. मला विचाराल तर मीही मनातून आबांच्याच बाजूची. लेक नुसती गालात हसतेय आणि उत्तर सांगत नाहीये.

मला उत्तर तर हवंच आहे, पण त्याहून जास्त हवं आहे ते आबांना पटेल असं कारण. सूत्र दाखवून ते ऐकणार नाहीत.

रानवाट

ब्रशकडचा जड. नवऱ्याला चहा पाजा.

दांडपट्टा

आबांशी शंभर टक्के सहमत. जड बाजू खाली जाते हे लहान पोरालाही कळतं. झाडू खाली गेला नाही, म्हणजे कुठलीच बाजू जड नव्हती. यात कोडं काय आहे?

शिसपेन्सिल

दांडपट्टा, बागेतला सी-सॉ आठवा. ६० किलोचा बाबा आणि २० किलोची मुलगी. बाबा टोकाला बसला तर मुलगी वरच लटकते. तो सरकत सरकत मधल्या टेकूपासून १ मीटरवर आला आणि मुलगी पलीकडे ३ मीटरवर असली, की फळी आडवी राहते. ६० गुणिले १ आणि २० गुणिले ३, दोन्ही ६०. फळी आडवी आहे म्हणून बाबा आणि मुलगी एका वजनाचे ठरत नाहीत.

तोल सांभाळताना जे सारखं व्हावं लागतं ते आहे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. झाडूच्या ब्रशकडचा भाग आखूड आहे, सगळा ऐवज बोटाच्या जवळ. दांड्याकडचा भाग लांबवर पसरलेला. लांब असलेल्याला कमी वजन पुरतं. म्हणून ब्रशचा तुकडा जड.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारतो आणि बहुतेक हात "सारखे"ला वर होतात. नंतर तीच मुलं सी-सॉचं गणित बिनचूक सोडवतात. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे डोक्यात जोडलं गेलेलं नसतं.

दांडपट्टा

सर, सी-सॉवर माणसं एका जागी बसलेली असतात, त्यामुळे अंतर मोजता येतं. झाडूचं वजन सगळीकडे पसरलेलं आहे. बोटाला लागून असलेल्या लाकडाचं अंतर शून्य, टोकाच्या लाकडाचं तीन फूट. मग कुठलं अंतर धरायचं?

शिसपेन्सिल

हा प्रश्न झकास आहे आणि खरी मेख इथेच आहे. प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा एक गुरुत्वमध्य असतो. तुकड्याचं सगळं वजन तिथे एकवटलंय असं धरून हिशेब केला तरी उत्तर तेच येतं. सरळ, एकसारख्या जाडीच्या दांड्याचा गुरुत्वमध्य त्याच्या बरोबर मध्यावर. म्हणजे लांब तुकड्यातली मुलगी लांब तुकड्याच्या मध्यावर बसली आहे असं समजा. ब्रशच्या तुकड्यातला बाबा ब्रशच्या आसपास बसलाय, कारण तिकडे वजन जास्त. ती दोन अंतरं मोजा.

हिरवा_माठ

मी हिशेबनीस माणूस, मला हे दुसऱ्या वाटेने कळलं. बघा कुणाला उपयोग होतोय का.

एका दुकानात पाच जण आहेत. चौघांचा पगार २० हजार, मालक स्वतःला १ लाख २० हजार घेतो. सरासरी किती? २ लाख भागिले ५, म्हणजे ४० हजार. आता या ४० हजारांच्या खाली किती माणसं? चार. वर किती? एक. सरासरी माणसांचे अर्धे-अर्धे भाग करत नाही. पण फरक मोजा: खालचे चौघे प्रत्येकी २० हजारांनी कमी, एकूण ८०. वरचा एकटा ८० हजारांनी जास्त. इथे बरोबरी होते.

गुरुत्वमध्य म्हणजे ही सरासरी. आबा जे म्हणताहेत, की दोन्हीकडे सारखा माल हवा, तो दहावीच्या गणितातला मध्यक. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मला यांत्रिकीची भीती वाटेनाशी झाली, खरंच सांगतो. मुलांना या दोन गोष्टी वेगवेगळ्या तासाला शिकवल्या जातात आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत हे कुणीच सांगत नाही.

शिसपेन्सिल

हिरवा_माठ, उद्याच्या तासाला हे उदाहरण घेणार. परवानगी गृहीत धरतो.

जुनाट_वाडा

आबांचा मुद्दा तुम्ही फारच पटकन निकालात काढताय. त्यांनी ३० वर्षं जे पाहिलं ते खरंच आहे. तागडी समतोल म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखं वजन. पण का? कारण दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या केलेल्या असतात! अंतर सारखं असलं की बरोबरी वजनावरच येते. तागडी बनवणाऱ्याने अंतराचा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला असतो, म्हणून दुकानदाराला तो दिसत नाही.

आणि ज्यांना दिसत होता ते लबाडी करत होते. दांडीची एक बाजू किंचित लांब ठेवायची, माल लांब बाजूच्या पारड्यात घालायचा. कमी माल जास्त वजनाला पेलतो आणि तागडी आडवी दिसते. गिऱ्हाइकाचं लक्ष काट्यावर.

पारडी रिकामी असताना एक बाजू हलकी वाटली तर तिला खडा, नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधायचे, तो पासंग. "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणतो तो हाच. म्हणजे तागडी आणि तिची पारडी सोडा, तो ती सारखी करायला बांधलेल्या तुकड्याइतकाही नाही. गंमत अशी की लांब-आखूड दांडीलाही पासंग बांधून रिकामी तागडी आडवी करता येते. त्यामुळे रिकामी तागडी बघून लबाडी सापडत नाही.

ती सापडते अदलाबदलीने. गुळाची ढेप एका पारड्यात ८१० ग्रॅम भरली, पारडी बदलून ठेवली तर १००० ग्रॅम. खरं वजन? दोन्हींची सरासरी ९०५ नव्हे. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, ९०० ग्रॅम. दांडी ९ आणि १० अशा प्रमाणात लहानमोठी होती.

आबांना हे विचारा, त्यांना नक्की माहीत असणार.

रानवाट

पासंगचा अर्थ आज कळला. आजपर्यंत मला तो काहीतरी लढाईतला शब्द वाटायचा.

दांडपट्टा

वाचतोय सगळं. गणित कळलं, पण मन मानत नाही. कुणीतरी प्रत्यक्ष कापून दाखवा.

कोयनाकाठ

कापण्याआधी एक करून बघा, त्याला करवत लागत नाही. दोन्ही हातांच्या तर्जनी पुढे धरा, झाडू त्यांवर आडवा ठेवा, एक बोट दांड्याच्या टोकाशी, दुसरं ब्रशजवळ. डोळे मिटा. आता बोटं हळूहळू एकमेकांकडे आणा.

काय होतं ते नीट अनुभवा. दोन्ही बोटं एकदम सरकत नाहीत. आधी एक सरकतं, दुसरं चिकटल्यासारखं जागीच. मग ते अडतं आणि दुसरं सरकायला लागतं. असं आळीपाळीने होत होत दोन्ही बोटं एका जागी भेटतात आणि झाडू पडत नाही. ती जागा गुरुत्वमध्य. कितीही वेळा करा, घाईने करा, एका बोटाला तेल लावून करा, भेट तिथेच.

कारण साधं आहे. जे बोट गुरुत्वमध्यापासून लांब, त्याच्यावर भार कमी, भार कमी म्हणून घर्षण कमी, म्हणून ते सरकतं. सरकत जवळ आलं की त्याच्यावरचा भार वाढतो, घर्षण वाढतं, ते अडतं. मग दुसऱ्याची पाळी. सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्यापेक्षा थोडं कमी असतं, म्हणून सरकणारं बोट बरोबरीच्या जरा पुढे जाऊन थांबतं, आणि ही आळीपाळी हाताला स्पष्ट जाणवते. आणि हे सगळं न कळलं तरी एवढं पुरे: झाडू पडला नाही, याचाच अर्थ गुरुत्वमध्य सतत दोन बोटांच्या मध्ये होता. बोटं भेटली तर तो जाणार कुठे?

क्रिकेटची बॅट, पळी, छत्री, सगळ्यांवर चालतं.

मीराआजी

मी आत्ता लाटण्यावर करून पाहिलं. मधोमध भेटली बोटं. मग उलथन्यावर केलं, पात्याकडे भेटली. माझं वय ७१ आहे आणि मला आज हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

निळी_छत्री बाळा, तुझे आबा मूळचे कुठले? कोकणातले असतील तर त्यांना कावडीबद्दल विचार. आमच्याकडे विहीर खाली आणि घर टेकाडावर. माझा थोरला भाऊ कावडीने पाणी आणायचा. चढावर एका बाजूची घागर हिंदकळून पाणी सांडायचं, म्हणजे एकीकडे कमी, एकीकडे जास्त. तो काही पाणी सारखं करत बसायचा नाही. दांडी खांद्यावर जराशी सरकवायचा आणि चालायला लागायचा. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असायला हव्यात असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

शिसपेन्सिल

मीराआजी, हे माझ्या सी-सॉपेक्षा शंभरपटीने चांगलं आहे. आकडे घालून बघा. कावडीची दांडी १५० सेंटीमीटर, एकीकडे १५ लिटर पाणी, दुसरीकडे १०. खांदा भरल्या घागरीपासून ६० सेंटीमीटरवर, दुसरीपासून ९० वर. १५ गुणिले ६० आणि १० गुणिले ९०, दोन्ही ९००. खांद्याशी दांडी कापली तर तुकडे सारखे नाहीत, एकीकडे दीडपट माल आहे. (दांडीचं स्वतःचं वजन सोडलंय.)

तोलाचा हा नियम सिरॅक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पायरीपायरीने सिद्ध केला. मीराआजींच्या भावाला तो खांद्याला माहीत होता.

ऊसगाडी

आमच्याकडे सांगलीला उसाच्या बैलगाड्या भरताना हेच बघतात. दोनचाकी गाडी, आख म्हणजे टेकू. मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचे पट्टे काचतात. बैल ओढायच्या ऐवजी लटकतो. पुढे जास्त झालं तर सगळं मानेवर, खांदे सुजतात. म्हणून भार आखाच्या किंचित पुढे ठेवायचा, जू मानेवर टेकून राहील एवढाच. गाडीत एकूण किती टन ऊस आहे याच्याइतकंच तो कुठे आहे याला महत्त्व.

रिकामी करतानाही. पुढच्या मोळ्या आधी खाली घेतल्या की उरलेली गाडी मागे उलाळते. मी नववीत असताना चुलत्यांच्या गाडीवर हे केलं होतं, पुढचं जू कपाळापर्यंत वर आलं. बैल शहाणे, जागचे हलले नाहीत. नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. त्या दिवसापासून मागून उतरवायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

निळी_छत्री

बापरे! एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आबा चिपळूणकडचेच आहेत, मीराआजी. दुपारची झोप झाली की विचारते.

अवकाळी

थोडं अवांतर. झाडू राहू दे, स्वतःच्या अंगावर बघायचं असेल तर उजवा खांदा आणि उजवं पाऊल भिंतीला घट्ट चिकटवून उभे रहा आणि डावा पाय उचला. उचलला जाणार नाही. नुसता नेट लावाल, पाय जमिनीवरच.

एरवी डावा पाय उचलण्याआधी आपण नकळत सगळं अंग उजवीकडे नेतो, गुरुत्वमध्य उजव्या पावलावर आणतो आणि मगच पाय सुटतो. भिंत ते सरकणंच बंद करते. तसंच टाचा भिंतीला लावून पुढे वाकून जमिनीवरचं नाणं उचलायला बघा. कंबर मागे जायला जागा नाही म्हणून तोंडावर पडाल. समोर गादी ठेवा.

रानवाट

केलं. आख्खं घर भिंतीला चिकटून उभं आहे. शेजारच्या काकू दारातून बघून गेल्या.

बांबूबेट

अवांतरात माझीही भर. गुरुत्वमध्य वस्तूच्या आत असायलाच हवा असं नाही. बांगडीचा तर पोकळीत असतो, जिथे काच नाहीच. उंच उडीवाले याचा फायदा घेतात. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी पाठ खाली करून, अंगाची कमान करून आडव्या दांडीवरून गेला आणि २.२४ मीटरला सुवर्णपदक घेतलं. अंग असं दांडीवरून एकेक भाग करून वाहून न्यायचं की डोकं आणि पाय दोन्ही दांडीच्या खाली आणि वर फक्त कंबर. मग गुरुत्वमध्य दांडीच्या खालून गेला तरी माणूस वरून जातो! पाय जमिनीला मारून गुरुत्वमध्य जेवढा उचलता येतो त्याला मर्यादा आहे, पण त्या मर्यादेत जास्त उंच दांडी ओलांडता येते. आज उंच उडीत जवळजवळ सगळे तसेच उडतात.

मिलानकर

पिसाचा मनोराही यातच बसतो. कलला आहे तरी उभा आहे, कारण गुरुत्वमध्यातून सोडलेली ओळंब्याची दोरी अजून पायाच्या आतच पडते. तरी माती मऊ आणि खालच्या दगडांवर एका बाजूने प्रचंड दाब, म्हणून १९९० मध्ये लोकांसाठी बंद केला होता. कल साधारण साडेपाच अंश झाला होता. वर काही ओढलं-ताणलं तर दगड फुटायची भीती, म्हणून शेवटी उत्तरेकडची, म्हणजे वर राहिलेल्या बाजूची माती खालून थोडी थोडी काढली. मनोरा त्या बाजूला जरासा बसला आणि कल साधारण चार अंशांवर आला. २००१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडला. मी वर चढलो आहे. पायऱ्यांवर कधी आतल्या भिंतीकडे ढकलले जातो, कधी बाहेरच्या, आणि डोळे मिटले तरी पायांना कल कळतो.

रंधा

दांडपट्टा, तुमच्यासाठी कापला.

गच्चीवर एक जुना झाडू पडून होता, धाग्यात वर्णन केलाय तसाच. ब्रशचे केस झडायला लागले होते, त्यामुळे बायकोनेही आनंदाने परवानगी दिली. दांडा १२० सेंटीमीटर, ब्रश ३०, एकूण १५०. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर अख्खा झाडू ५७० ग्रॅम. कोयनाकाठांच्या पद्धतीने बोटं भेटवली, तीनदा केलं, तिन्ही वेळा दांड्याच्या टोकापासून साडेपंच्याण्णव सेंटीमीटरच्या आसपास. पेन्सिलीने रेघ मारली, शिकंज्यात धरला, बारीक दातांच्या करवतीने कापला.

लांब तुकडा: २३९ ग्रॅम.
ब्रशचा तुकडा: ३३१ ग्रॅम.

बेरीज ५७०, भुसा इतका थोडा की काट्याला कळलाच नाही. ९२ ग्रॅमचा फरक! हातात घेतल्यावरसुद्धा सरळ कळतो, काट्याची गरज नाही.

मग शिसपेन्सिल सर म्हणाले होते ते केलं. दोन्ही तुकडे वेगवेगळे बोटांवर तोलले. लांब तुकडा कापलेल्या टोकापासून ४८ सेंटीमीटरवर तोलला, ब्रशचा साडेचौतीसवर. २३९ गुणिले ४८ म्हणजे ११४७२. ३३१ गुणिले ३४.५ म्हणजे सुमारे ११४२०. बोटाच्या जाडीएवढी चूक धरली तर बरोबरी झाली असंच म्हणायचं. मी हे आकडे कागदावर मांडले तेव्हा अंगावर काटा आला. शाळेत हे गणित कितीतरी वेळा केलं होतं, हातात कधी धरलं नव्हतं.

दांडपट्टा

मान्य. शब्द मागे घेतो. रंधा, तुमच्या झाडूचे आणि तुमचे आभार.

आता नीट विचार केल्यावर माझी गल्लत कुठे झाली तेही कळलं. "जड बाजू खाली जाते" यातला "जड" म्हणजे मी वजन समजत होतो. खाली नेणारं असतं ते वजन आणि अंतर मिळून. दाराला बिजागरीजवळ ढकललं तर कितीही जोर लावा, हलत नाही, आणि कडेला एका बोटाने उघडतं. हे मला रोज माहीत होतं की!

शिसपेन्सिल

दांडपट्टा, तुम्ही इतका वेळ अडून बसलात म्हणूनच हा धागा इथवर आला. वर्गात असा एक विद्यार्थी असला की तास वाया जात नाही.

पाऊलवाट

माझी शंका. हाच झाडू तळहातावर उभा तोलायचा असेल तर ब्रश वर ठेवायचा की खाली? जड भाग खाली असला की स्थिर, हे तर सगळीकडे सांगतात. तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुलीचा तळ त्यासाठीच जड ठेवतात ना?

कोयनाकाठ

करून बघा, उत्तर उलटं येतं. ब्रश वर ठेवला की झाडू तळहातावर सहज राहतो. खाली ठेवला की लगेच पडतो.

बाहुलीचा तळ गोल असतो आणि गुरुत्वमध्य फार खाली. तिला कलवली की तो वर उचलला जातो, म्हणून ती आपोआप सरळ होते. तळहातावरचा झाडू आपोआप कधीच सरळ होत नाही, तो पडतच असतो आणि आपण हात खालून हलवून त्याला सावरत असतो. तेव्हा प्रश्न एकच, तो किती सावकाश पडतो. गुरुत्वमध्य तळहातापासून जितका लांब, तितका पडायला वेळ जास्त आणि हाताला सवड जास्त. रंधा यांच्या झाडूत ब्रश वर असेल तर गुरुत्वमध्य साडेपंच्याण्णव सेंटीमीटरवर, खाली असेल तर साडेचोपन्नवर. पेन्सिल बोटावर उभी का राहत नाही? इतकी चटकन पडते की आपल्या हाताला तेवढा वेळच मिळत नाही.

दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात लांब काठी धरते तीही वेळच विकत घेत असते. वजन दोन्ही बाजूंना लांबवर पसरलं की अंग एका बाजूला फिरायला जडत्वामुळे उशीर लागतो, तेवढ्यात ती सावरते. काठीची टोकं खाली झुकली तर गुरुत्वमध्यही थोडा खाली येतो. १८५९ मध्ये नायगाराच्या दरीवरून दोरावरून गेलेल्या ब्लाँदँच्या हातातही अशीच लांब काठी होती. मी लहानपणी गावच्या बाजारात त्या मुलीला बघायचो तेव्हा वाटायचं, बिचारीला वर ओझं कशाला दिलंय! तिचा जीव त्या ओझ्यावरच होता.

वाटाड्या

गुरुत्वमध्य आणि वस्तुमानकेंद्र एकच का? अभ्यासिकेत यावरून आमच्यात वाद झाला होता.

शिसपेन्सिल

व्याख्या वेगळ्या, झाडूपुरतं उत्तर एकच. वस्तुमानकेंद्र वस्तूच्या वस्तुमानावरून ठरतं, गुरुत्वाकर्षण असो वा नसो. गुरुत्वमध्य वजनावरून. वस्तूच्या सगळ्या भागांवर गुरुत्वाकर्षण सारखंच असेल तर दोन्ही बिंदू एकाच जागी. दीड मीटरच्या झाडूत फरक मोजता येण्याजोगा नाही. परीक्षेत व्याख्या लिहिताना मात्र एकाच्या जागी दुसरी लिहू नका.

निळी_छत्री

आबांचं सांगायला आले.

संध्याकाळी चहा घेताना सहज विचारलं, "आबा, कावडीत एका घागरीतलं पाणी सांडलं तर काय करायचात?" ते म्हणाले, "करायचं काय? भरलेल्या घागरीकडे खांदा न्यायचा." आणि कप खाली ठेवून गप्प बसले. मी काहीच बोलले नाही. लेकही नाही. दोन मिनिटांनी उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला, तोलायच्या जागी धरला आणि डाव्या हाताने आधी ब्रशचा भाग चाचपला, मग दांडा. म्हणाले, "इकडची घागर भरलेली आहे."

नंतर तासभर दुकानातल्या तागडीच्या गोष्टी. जुनाट_वाडा, अदलाबदलीची युक्ती त्यांना माहीत होती. त्यांचे वडील नवीन तागडी आणली की पहिल्यांदा तेच करायचे. वर्गमूळ मात्र त्यांना नवीन होतं. ते कागदावर ८१० गुणिले १००० करून बघत बसले होते.

आता त्यांनीच लेकीला उलटा प्रश्न घातलाय आणि तिला अजून जमलेला नाही, म्हणून इथे आणते: दोन्ही तुकडे खरोखर सारख्या वजनाचे हवे असतील तर झाडू कुठे कापायचा?

हिरवा_माठ

मध्यक शोधायचा! रंधा यांचे आकडे घेतो. लांब तुकडा साडेपंच्याण्णव सेंटीमीटर आणि २३९ ग्रॅम, म्हणजे दांडा सेंटीमीटरला अडीच ग्रॅम. ५७० चे निम्मे २८५ ग्रॅम. २८५ भागिले अडीच, ११४. दांड्याच्या टोकापासून ११४ सेंटीमीटर, म्हणजे ब्रश सुरू व्हायच्या जेमतेम ६ सेंटीमीटर आधी. तोलायच्या जागेपासून साडेअठरा सेंटीमीटर पुढे.

निळी_छत्री

लेक म्हणतेय, "मी आत्ता सांगणारच होते." आबा म्हणतात, इतक्या पुढे असेल असं वाटलं नव्हतं.

रंधा

माझ्याकडे ब्रशचा तुकडा तसाच आहे. त्याच्या कापलेल्या बाजूने साडेअठरा सेंटीमीटर मोजून रेघ मारली आहे. हा छोटा तुकडा लांब तुकड्यासोबत एका वेळी काट्यावर ठेवतो आणि मग उरलेला ब्रश. थांबा जरा, करवत आणतो.

दांडपट्टा

बसलोय इथेच.

रंधा

लांब तुकडा अधिक छोटा तुकडा: २८५. ब्रश: २८५.

आबांना सांगा.